पत्रकार खरंच अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या बाजूचा आहे का, हे जुन्या अंकांवरून कसं तपासायचं

कुठल्याही पत्रकाराला विचारा, अभिव्यक्ती स्वातंत्र्याबद्दल तुमचं मत काय, उत्तर ठरलेलं आहे, शंभर टक्के बाजूने. ६ जानेवारीला पत्रकार दिनाला गावोगावी बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घातला जातो, 'दर्पण'चं नाव घेतलं जातं, आणि स्टेजवर बसलेला प्रत्येक जण लेखणीच्या स्वातंत्र्यावर चांगलं बोलतो. म्हणून मी पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांना सांगतो की मतं विचारत फिरू नका, अंक काढून बघा. आणि अंकात एकच गोष्ट शोधा. सरकारने ज्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तोंड बंद केलं, आणि तो दुसरा या पेपरला अजिबात न आवडणारा होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी या पेपरने काय छापलं? स्वतःवर आलं की सगळेच ओरडतात, त्यातून काही कळत नाही.

हे काम कुणालाही करता येतं, पत्रकारितेची डिग्री लागत नाही, फक्त वेळ लागतो आणि थोडी शिस्त लागते. कसं करायचं ते खाली लिहितोय.

आधी तारखा काढा

बरेच जण सुरुवातच उलटी करतात, म्हणजे अमक्या संपादकाने स्वातंत्र्यावर काय लिहिलंय ते शोधत बसतात. असे लेख ढिगाने मिळतात, १५ ऑगस्टचे, २६ जानेवारीचे, आणीबाणीला पंचवीस वर्षं झाली पन्नास वर्षं झाली तेव्हाचे. तेव्हा लिहायला काहीच मोजावं लागत नाही. त्यापेक्षा एका वहीत तारखांची यादी करा, ज्या दिवशी सरकारने किंवा कोर्टाने खरंच काहीतरी केलं अशा तारखा, आणि मग त्या तारखांचे अंक मागा.

माझ्या यादीत कायम असतात त्या या. २६ मे १९५०, सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन नियतकालिकांच्या बाजूने निकाल दिला तो दिवस. जून १९५१, पहिली घटनादुरुस्ती. २५ सप्टेंबर १९६१, पुण्याच्या 'सकाळ'चा निकाल. २६ जून १९७५ तर आहेच. २८ एप्रिल १९७६, आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टात दादही मागता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं तो दिवस. १८ जानेवारी १९७७, निवडणुका जाहीर झाल्या तो. १९८२ चं बिहार प्रेस बिल, १९८८ चं बदनामी विरोधी विधेयक, ही दोन्ही पत्रकारांनी रस्त्यावर उतरून मागे घ्यायला लावली. महाराष्ट्रापुरतं म्हणाल तर सप्टेंबर २०१२ आणि ऑगस्ट २०१५, त्याबद्दल पुढे येतंच.

प्रत्येक तारखेच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे निदान पंधरा दिवस असे अंक बघायचे. आधीचे का, तर तो पेपर एरवी कसा लिहितो हे माहीत असल्याशिवाय त्या दिवशी काय बदललं हे कळणार नाही.

फायली कुठे आणि कशा बघायच्या

मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुण्यात जुनी वाचनालयं आहेत, आणि जिल्ह्याच्या बहुतेक गावांत एखादं शंभरी ओलांडलेलं नगर वाचनालय असतं. जाण्याआधी फोन करा, कुठल्या सालच्या बांधीव फायली आहेत आणि त्या बाहेर काढून देतात का हे विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी कागद इतका ठिसूळ झालाय की ते देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पान दोन्ही हातांनी उलटा, वरचा कोपरा धरून ओढू नका. पेन नको, पेन्सिल न्या.

मोबाइलवर फोटो काढायची परवानगी असेल तर पूर्ण पानाचा फोटो काढा, नुसत्या बातमीचा नको. वरची तारखेची ओळ आलीच पाहिजे. आणि आवृत्ती कुठली ते लिहून ठेवा. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती यांत फरक असतो, डाक आवृत्ती लवकर छापून गाडीवर जायची, त्यामुळे रात्री उशिरा आलेली बातमी त्यात नसतेच, आणि मग तुम्ही उगाच म्हणाल की बघा यांनी दाबली. दाबलेली बातमी आणि उशिरा आलेली बातमी यातला फरक न करता केलेला आरोप हा अन्याय आहे.

आणीबाणीतलं पान वाचायला शिका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण इतका मोठा काळ सगळ्या पेपरांना एकाच वेळी तोच प्रश्न पडलेला, आणि प्रत्येकाने आपापलं उत्तर रोज छापलेलं, असं आपल्याकडे परत घडलं नाही.

१२ जून १९७५ पासून सुरू करा, अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली तो दिवस. तेव्हाचे अग्रलेख वाचा, भाषा किती मोकळी आहे ते बघा. मग २५ जूनची रात्र. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर पेपरांच्या छापखान्यांची वीज तोडली, त्यामुळे दिल्लीच्या काही पेपरांच्या फायलीत दुसऱ्या दिवशीचा अंकच सापडत नाही, गोंधळू नका. २६ जूनला सेन्सॉरशिपचा हुकूम निघाला. माहिती खातं काही दिवसांतच इंदरकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे दिलं.

२८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. अशा कोऱ्या जागा तुम्हाला सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच दिसतील, नंतर नाही, कारण सेन्सॉरने सांगून टाकलं की जागा कोरी सोडायची नाही, आणि तिथे थोर पुरुषांची वचनं छापूनही ती भरायची नाही. गांधींचं आणि टागोरांचं वाक्य छापायलाही हरकत. म्हणजे जुलैनंतर कोरी जागा दिसली नाही म्हणून तो पेपर शरण गेला असं समजू नका, दुसऱ्या खुणा शोधायच्या.

पहिली खूण म्हणजे बातमीच्या सुरुवातीला कुणाचं नाव आहे ती. फेब्रुवारी १९७६ पासून पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली. तर पान मोजा, किती बातम्या 'समाचार'च्या आणि किती 'आमच्या प्रतिनिधीकडून'. आणीबाणीआधीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. काही पेपरांत स्वतःचा बातमीदार जवळजवळ गायब झालेला दिसतो, काहींत तो राजकारण सोडून दुष्काळ, एसटी, बाजार समिती, शाळेचे प्रवेश असल्या विषयांवर जोरात काम करताना दिसतो. दुसरा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. राजकारण लिहू देत नाहीत ना, मग लोकांच्या अडचणी लिहितो, असं कुणीतरी त्या टेबलावर बसून ठरवलेलं असतं.

दुसरी खूण अटकांची. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतली माणसं तेव्हा मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याला, नाशिक रोडला आत होती. तुमच्या माहितीतलं एक गाव घ्या, तिथले कोण कोण आत होते ते घरच्यांना विचारा, आणि मग त्या भागातल्या पेपरात त्यांची नावं कधी आली ते शोधा. बहुतेकदा सुटकेच्या वेळी पहिल्यांदा येतात. मधल्या काळात त्यांच्या घरचं लग्न, मयत, काही आलं का, तेही बघा. छोट्या बातमीतून, निधनवार्तेतून नाव जिवंत ठेवणारे उपसंपादक होते का, ते असंच सापडेल.

तिसरी खूण अग्रलेखांची. सगळे अग्रलेख वाचून तीन गठ्ठे करा. एक मौनाचा, म्हणजे पाऊस, साखर, परदेशातलं राजकारण. दुसरा आडून बोलण्याचा, म्हणजे दुसऱ्या देशातल्या हुकूमशाहीवर लिहायचं, इतिहासातला दाखला द्यायचा, आणि वाचकाने ओळखायचं. तिसरा गुणगानाचा. सेन्सॉर काट मारू शकतो, अमुक छापू नका म्हणू शकतो, दबाव आणू शकतो, पण रोजच्या रोज इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमावर भारावून लिहिणं हे बऱ्याचदा लिहिणाऱ्याने स्वतःहून केलेलं असतं. मौन आणि गुणगान एकाच मापाने मोजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. लालकृष्ण अडवाणींचं ते वाक्य सगळे वापरतात, तुम्हाला वाकायला सांगितलं आणि तुम्ही रांगायला लागलात, ते खरंय पण सगळ्यांना लागू नाही, आणि कुणाला लागू आहे हे शोधण्यासाठीच आपण ही फाइल उघडलीय.

आता एक अगदी मराठी तारीख सांगतो. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. इंदिरा गांधींविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा खूप आजारी होते, आणि दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. मंत्री समोर, आणीबाणी चालू, आणि मांडवात माणसं उभी. मराठी पेपरांना संमेलनाची बातमी न छापणं शक्यच नव्हतं, सगळ्यांचे बातमीदार तिथे होते. तर त्या आठवड्यातले जितके मिळतील तितके मराठी पेपर शेजारी शेजारी ठेवा. कुणी प्रार्थना छापली, कुणी अध्यक्षीय भाषणातला तेवढाच भाग गाळला, कुणी स्वागताध्यक्षांचं भाषण मोठं करून अध्यक्षांचं आतल्या पानावर टाकलं, कुणी चौकट केली. एकच घटना, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली, यापेक्षा चांगली कसोटी मला तरी माहीत नाही. दुर्गाबाईंना पुढे १९७६ मध्ये अटक झाली, तेव्हाचेही अंक काढा.

चौथी खूण सगळ्यात बोलकी. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या आणि सेन्सॉरशिप ढिली झाली. मतदान मार्चच्या मधल्या आठवड्यात. निकाल लागला, इंदिरा गांधी स्वतः हरल्या, २१ मार्चला आणीबाणी उठली. तर तुमच्या पेपरचा सूर नेमका कधी बदलला? जानेवारीच्या शेवटी, बोलता येतंय म्हटल्याबरोबर? की २० मार्चनंतर, कोण जिंकलं ते कळल्यावर? तारीख लिहून ठेवा. जानेवारीत बोलायला लागलेल्या माणसाला बोलायचंच होतं. मार्चअखेरीस बोलायला लागलेल्याबद्दल तसं म्हणता येत नाही. आणि आपण स्वतः त्या एकवीस महिन्यांत काय छापलं नाही याचा हिशेब कुणी वाचकांपुढे मांडला का, तेही बघा. मांडलेला सापडला तर त्या संपादकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

श्रेय चुकीच्या माणसाला देऊ नका

आणीबाणीतला एक किस्सा सगळ्यांना माहीत असतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत २८ जूनला छोट्या जाहिरातीत एक निधनवार्ता आली, डी. ई. एम. ओक्रसी वारले, ट्रुथ यांचे पती, लिबर्टी यांचे वडील, फेथ होप आणि जस्टिशिया यांचे बंधू. लोकशाही मेली हे सांगणारी जाहिरात. आता ही कुणी दिली, तर अशोक महादेवन यांनी, ते 'टाइम्स'चे नव्हते, दुसऱ्या मासिकात काम करायचे. जाहिरातीच्या खिडकीवरच्या माणसाला कळलं नाही म्हणून ती छापली गेली. त्यामुळे तिचं धाडस महादेवन यांच्या नावावर टाका, पेपरच्या नावावर नाही. त्या पेपरबद्दल काय म्हणायचं ते त्याच दिवसाचा अग्रलेख वाचून म्हणा.

उलट काही श्रेय पेपरांच्या फाइलीत दिसतच नाही, कोर्टाच्या निकालात दिसतं. मिनू मसानी यांचं 'फ्रीडम फर्स्ट' हे मुंबईतलं छोटंसं मासिक. सेन्सॉरने त्यांच्या अंकातले ११ मजकूर अडवले. मसानी कोर्टात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सेन्सॉरच्या विरोधात निकाल दिला, आणि स्पष्ट सांगितलं की सगळ्या पेपरांनी एकाच वाऱ्याला शिडं लावावीत, एका सुरात बोलावं, हे बघणं सेन्सॉरचं काम नाही. मराठीत यदुनाथ थत्ते संपादक असलेल्या 'साधना'ने असाच कोर्टात झगडा दिला, गुजरातेत सर्वोदयवाल्यांच्या 'भूमिपुत्र'ने दिला. ही सगळी छोटी नियतकालिकं आहेत हे लक्षात घ्या. मोठ्या पेपरांकडे वकिलाचे पैसे यांच्या कितीतरी पट होते.

का लढले नाहीत, तर त्यांच्याकडे गमवायला जास्त होतं, न्यूजप्रिंटचा कोटा, सरकारी जाहिराती, बँकेचं कर्ज, मालकाचे दुसरे धंदे. हे समजून घ्या, माफ करा असं मी म्हणत नाही. 'इंडियन एक्स्प्रेस'च्या रामनाथ गोएंकांनाही हे सगळं होतं, त्यांच्या संचालक मंडळावर सरकारच्या मर्जीतली माणसं बसवली, तरी त्यांनी जमेल तिथे झगडा चालू ठेवला. आणि 'सेमिनार'च्या रोमेश थापर यांनी १९७६ मध्ये, आधी दाखवा मग छापा म्हटल्यावर, मासिकच बंद ठेवलं. दाखवून छापणार नाही म्हणजे नाही.

तपासताना मालक, संपादक आणि उपसंपादक ही तीन वेगळी माणसं आहेत हे विसरू नका. घरी चार तोंडं असलेला रात्रपाळीचा उपसंपादक आणि तीन छापखाने असलेला मालक यांना एकच प्रश्न विचारता येत नाही.

सेन्सॉरशिप असा शब्द नसलेल्या बातम्याही शोधा

सरकार दर वेळी 'बंदी' असं नाव घालून येत नाही. 'सकाळ'ची केस यासाठी वाचाच. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश, त्यानुसार पेपरने किती पानं द्यायची हे किमतीवर ठरणार होतं. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा. 'सकाळ' तेव्हा सात नये पैशांना मिळायचा. उद्देश काय सांगितला, तर मोठे पेपर जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्यांना मारतात, त्यांना संरक्षण. ऐकायला चांगलंच वाटतं, आणि पहिल्या प्रेस कमिशनने स्वतःच अशी शिफारस केली होती. 'सकाळ' म्हणाला की किंमत वाढवली तर वाचक तुटणार, पानं कमी केली तर मजकूर तुटणार, दोन्हीकडून आमचं बोलणंच कमी होणार. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकाल लिहिला, कायदा रद्द झाला. किती लोकांपर्यंत पोचायचं हाही बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे तिथून पक्कं झालं.

तर १९५६ ते १९६१ मधले दुसरे मराठी पेपर काढून बघा. ज्यांना या कायद्याचा फायदा होणार होता, त्यांनी काय लिहिलं? स्वतःचा फायदा असतानाही हे चुकीचं आहे असं कुणी म्हटलं का?

हीच नजर आजच्या जाहिरातींवर ठेवा. आणीबाणीत सरकारने पेपरांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी केली होती आणि जाहिराती त्याप्रमाणे वाटल्या, हे नंतर चौकशीत बाहेर आलं. आजही जिल्हा पातळीवरच्या दैनिकाला सरकारी जाहिरात, जाहिराती मिळणाऱ्या पेपरांच्या सरकारी यादीवरचं नाव आणि बातमीदाराची अधिस्वीकृती, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या असतात. एका महिन्याचे अंक घ्या, सरकारी जाहिरातींनी व्यापलेली जागा पट्टीने मोजा, आणि त्याच महिन्यात पालकमंत्र्यांवर, जिल्हाधिकाऱ्यांवर टीका करणाऱ्या बातम्या मोजा. मग जाहिराती आटलेला एखादा महिना घ्या. यातून लगेच निष्कर्ष काढू नका, सहा महिन्यांचं मोजल्याशिवाय तर नाहीच, पण मोजा.

जोडीची कसोटी

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक केस घेऊन काही सिद्ध होत नाही, नेहमी दोन घ्या, एक या बाजूची आणि एक त्या बाजूची, शक्यतो जवळच्या तारखांची.

जुनी जोडी १९५० ची. 'क्रॉस रोड्स' हे मुंबईतून निघणारं डाव्या विचारांचं साप्ताहिक, संपादक वर सांगितलेले तेच रोमेश थापर, मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात बंदी केली. 'ऑर्गनायझर' हे संघ विचारांचं साप्ताहिक, दिल्लीच्या चीफ कमिशनरने त्याला आधी मजकूर दाखवा मग छापा असा हुकूम दिला. दोघांचं एकमेकांशी काहीही जमत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोघांच्या बाजूने निकाल दिला. वर्षभरात सरकारने घटनादुरुस्ती करून बंधनांची व्याप्ती वाढवली. तेव्हाच्या पेपरात बघायचं ते हे, 'क्रॉस रोड्स'च्या निकालावर खूश झालेल्यांनी 'ऑर्गनायझर'बद्दल काय लिहिलं आणि उलट.

अलीकडची जोडी २०२० ची. ५ ऑक्टोबरला उत्तर प्रदेश पोलिसांनी हाथरसला निघालेले केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना अटक केली. ४ नोव्हेंबरला महाराष्ट्रात मविआ सरकार असताना अर्णब गोस्वामी यांना अटक झाली, आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या जुन्या प्रकरणात. गोस्वामींना सुप्रीम कोर्टाने ११ नोव्हेंबरला जामीन दिला. कप्पन यांना सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळायला सप्टेंबर २०२२ उजाडलं, आणि प्रत्यक्ष बाहेर यायला फेब्रुवारी २०२३. दोन्ही केसेसचं स्वरूप वेगळं आहे, आरोप वेगळे आहेत, मला ते माहीत आहे. पण तुमच्या आवडत्या संपादकाने दोघांबद्दल लिहिताना सरकारच्या हेतूबद्दल प्रश्न एकसारखे विचारले का? पोलिसांच्या कागदावर एकाच्या बाबतीत विश्वास आणि दुसऱ्याच्या बाबतीत संशय, असं झालं का? त्या दोन महिन्यांतले लेख, ट्वीट्स, चर्चा एका फोल्डरमध्ये टाका आणि नावं झाकून एखाद्या मित्राला वाचायला द्या. तो ओळखेल की नाही ते बघा. मी पोरांकडून हे करून घेतो तेव्हा वर्गात भांडणं होतात, होऊ देतो.

आपल्याकडच्या देशद्रोहाच्या कलमाची जोडी तर प्रत्येक मराठी पेपरला लावावी. १८९७ ला आणि परत १९०८ ला टिळकांना ज्या १२४ अ खाली शिक्षा झाली, दुसऱ्या वेळी सहा वर्षं मंडाले, तेच कलम सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर लावलं, तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. ते प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि त्यातून हे कलम कधी लावायचं ते पोलिसांना सांगणारं जे परिपत्रक ऑगस्ट २०१५ मध्ये निघालं ते भाजप आणि शिवसेनेच्या सरकारने काढलं. त्यावर इतकी टीका झाली की ते मागे घ्यावं लागलं. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, तेच कलम. आता १ ऑगस्टला टिळकांच्या पुण्यतिथीला जो पेपर पानभर लेख छापतो, त्याचा सप्टेंबर २०१२ चा आणि सप्टेंबर २०१५ चा अग्रलेख काढा. दोन्ही वेळेला एकच भूमिका असेल तर तो पेपर तत्त्वाने बोलतो. एकाच वेळेला आवाज चढलेला असेल तर कुठल्या सरकारच्या वेळी, ते वहीत लिहा. व्यंगचित्र आवडलं नाही असं लिहायला काहीच हरकत नाही, बघायचं एवढंच की आवडलं नाही तरी अटक चूक, हे वाक्य तिथे आहे का.

माणसांशी बोला, पण फाइल वाचून झाल्यावर

आणीबाणीच्या वेळी पंचविशीत असलेले पत्रकार आज पंचाहत्तरीत आहेत, बोलतील तेव्हा बोलून घ्या. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तेव्हा दबाव होता का असं विचारलं तर 'होता ना' एवढंच मिळतं. त्यापेक्षा त्यांच्याच पेपरच्या एखाद्या पानाची प्रिंट घेऊन जा, पुढे ठेवा आणि विचारा, काका, हे पान रात्री कुणी लावलं होतं? सेन्सॉरकडे मजकूर कोण घेऊन जायचं, किती वाजता, परत यायला किती वेळ लागायचा? काट मारलेल्या जागी काय घालायचात? फोन यायचा तो कुणाला यायचा, संपादकांना की थेट टेबलावर? कुठली बातमी तुम्ही कुणी न सांगता स्वतःच काढून टाकलीत?

शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा आणि विचारून गप्प बसा. घाई करू नका, चहा घ्या. बरीच माणसं याचं उत्तर प्रामाणिकपणे देतात, कारण इतक्या वर्षांत कुणी विचारलेलंच नसतं. त्यांनी सांगितलेली तारीख मात्र फाइलवर ताडून बघा, कारण आठवणीत महिने सरकतात. आणि कुणाचं नाव छापू नका म्हणाले तर छापू नका.

आजच्या पत्रकारांशी बोलताना विषय बदला. आता सेन्सॉरचा अधिकारी टेबलावर बसत नाही. नोटीस येते, बदनामीचा दावा येतो, वेबसाइटवरचा मजकूर आयटी कायद्याच्या ६९ अ खाली ब्लॉक होतो आणि आदेशाची प्रत बऱ्याचदा लिहिणाऱ्याला मिळत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले, सरकारी कामकाजाबद्दल काय खोटं ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड वगैरे मुंबई हायकोर्टात गेले, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. पत्रकाराला विचारा, या दीड वर्षात तुम्ही यावर काय लिहिलंत, आणि लिहिलं नसेल तर का. राज्याचं जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत मंजूर झालं, त्यातल्या व्याख्या तुमच्या पेपरने वाचकांना जशाच्या तशा छापून दाखवल्या का, हेही विचारा. विरोध केला की पाठिंबा दिला ते नंतर.

लिहिताना

सगळं झालं की लिहायला बसाल, तेव्हा प्रत्येक वाक्याला तारीख, पान आणि आवृत्ती लावा. 'त्या काळात सगळे घाबरले होते' असलं वाक्य टाळा, कोण, कधी, काय छापलं ते लिहा. ज्या पेपरवर तुमचा राग आहे त्याच्या फायलीत चांगलं काही सापडलं तर ते आधी लिहा, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या फायलीतलं वाईट लपवू नका, नाहीतर जी कसोटी दुसऱ्याला लावलीत तीच तुम्हाला लागेल. अंक मिळाला नाही तर 'अंक मिळाला नाही' असं लिहा, 'छापलं नाही' असं नको. हयात असलेल्या पत्रकाराबद्दल लिहिणार असाल तर छापण्याआधी त्यांना मजकूर पाठवा, आठ दिवस द्या, आणि जे उत्तर येईल ते तुमच्या लेखाच्या खाली पूर्ण छापा, कितीही झोंबणारं असलं तरी एक शब्द न कापता.